मुखातील जाते

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात आपले कार्यवाह मजकडे आले आणि ‘यंदाच्या संमेलनात गुरुजींनी आरोग्याविषयी काही बोलावे’ अशी इच्छा त्यांनी प्रदर्शित केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि त्यावर अध्यापक विद्यालयातील दोन वर्षे, एवढीच माझी शिदोरी. परंतु आज दुपारी याच कार्यालयात मुलांची दंततपासणी ठेवली आहे असे त्यांनी सांगितले, आणि मग मला नाही म्हणवेना. कारण दातांच्या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक घडलेली आहे. वर्षानुवर्षे चौथीच्या मुलांना दातांचे प्रकार शिकविणाऱ्या माणसाच्या हातून ती घडावी, याची खंत मला आजही वाटते. ती हकिगत पुढे ओघाने येईल. आधी ज्या अवयवाविषयी बोलावयाचे त्याची नीट ओळख करून घेऊ.

आपण सर्वांनी एक लहानसा प्रयोग करावा. जिभेचे टोक वरच्या जबड्याच्या मधोमध ठेवावे आणि तेथून एका बाजूने हळूहळू मागे न्यावे. समोरच्या सतरंजीवरील मुले हसत आहेत. खुशाल हसावे, पण मोजावेही. प्रथम दोन पटाशीचे दात लागतील. मग एक सुळा. त्यामागे दोन उपदाढा. आणि त्यानंतर जीभ एकदम एखाद्या रुंद, खडबडीत ओट्यावर चढल्यासारखी होते. त्या दाढा. एका बाजूस तीन आणि दुसऱ्या बाजूस तीन, अशा वरच्या जबड्यात एकूण सहा. ज्यांची अक्कलदाढ आलेली नाही त्यांस दोन-दोनच सापडतील. त्यावरून त्यांनी स्वतःच्या अकलेविषयी काही अनुमान काढू नये. पुष्कळांना ती जन्मभर येतच नाही.

या सहांमध्ये मुख्य ती पहिली, म्हणजे सुळ्यामागे मोजता तिसरी. वरच्या जबड्यातील हिच्याएवढा मोठा दात दुसरा नाही. मी शाडूच्या मातीची एक मोठी प्रतिकृती करून आणली आहे, ती पाहावी. (येथे वक्त्यांनी प्रतिकृती सभेस दाखविली.) हिचा चावण्याचा पृष्ठभाग चौकोनी आहे, परंतु सरळ चौकोनी नव्हे, आपल्या घरच्या शंकरपाळ्यासारखा कलता. त्यावर चार उंचवटे आहेत : दोन गालाच्या बाजूस, दोन टाळूच्या बाजूस. चौघांत सर्वांत मोठा तो टाळूकडील पुढचा. या मोठ्या उंचवट्यापासून गालाकडील मागच्या उंचवट्यापर्यंत एक तिरपा बांध गेलेला असतो, शेताच्या दोन वाफ्यांमध्ये असावा तसा. आणि बांधाच्या दोन्ही अंगांस खोलगट भाग व बारीक चिरा असतात. या चिरा लक्षात ठेवाव्यात. सगळे दुखणे पुढे तेथूनच सुरू होते. काही माणसांत त्या मोठ्या उंचवट्याच्या टाळूकडील अंगाला आणखी एक लहानशी पाचवी गाठ असते. व्हिएन्ना येथील दंतवैद्य कॅराबेली याने 1842 साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचेच नाव पडले आहे. ती चावण्याच्या कामी येत नाही. कोणाला असते, कोणाला नसते, आणि असली तरी माणसाला तिचा पत्ता नसतो.

आता मुळांकडे वळू. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळे असतात, एक पुढे व एक मागे. वरच्या दाढेला तीन असतात : दोन गालाकडे आणि एक टाळूकडे. टाळूकडील मूळ सर्वांत लांब. तिन्ही मुळे एकमेकांपासून फाकलेली असल्यामुळे तिपाईचे तीन पाय उलटे करून हाडात रोवावेत तशी दाढ बसलेली असते. खालच्या जबड्याचे हाड टणक व घट्ट. वरच्याचे तुलनेने हलके व सच्छिद्र, आणि शिवाय त्याच्या आत एक पोकळी, तिच्याविषयी नंतर सांगेन. अशा हलक्या हाडात एवढा भार पेलावयाचा, तर पाय फाकवून उभे राहणे बरे. दुसरी दाढ पहिलीहून थोडी लहान असते व तिची मुळे अधिक जवळजवळ असतात. तिसरी, म्हणजे अक्कलदाढ, हिचा काही नेम नाही. कधी तीनच उंचवटे, कधी सगळी मुळे एकत्र जुळलेली.

दात हाडाच्या ज्या खळग्यात बसतो त्याला चरकसंहितेत दंतोलूखल म्हटले आहे, आणि शरीरातील अस्थींची गणना करताना 32 दात व 32 दंतोलूखले स्वतंत्र मोजली आहेत. उलूखल म्हणजे आपले उखळ. मला हा शब्द फार आवडला. परंतु उखळात मुसळ सैल असते; दात तसा नसतो, आणि तो हाडाला थेट चिकटलेलाही नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये अतिसूक्ष्म तंतूंची एक गादी असते, आणि दात त्या तंतूंवर झोळीसारखा टांगलेला असतो. भातात खडा लागला की आपण तत्क्षणी थबकतो, ते दाब ओळखणाऱ्या या गादीमुळे.

दाढांचे काम समजण्यासाठी आपल्या घरातील तीन जुन्या वस्तू आठवाव्यात. पहिली अडकित्ता. सुपारी अडकित्त्याच्या टोकाशी धरली तर कितीही जोर लावा, ती फुटत नाही. बिजागरीजवळ सरकवली की सहज फुटते. आपल्या जबड्याची बिजागरी कानाच्या पुढ्यात आहे आणि दाढा तिच्या जवळ आहेत. म्हणून कठीण पदार्थ आपण नकळत मागे नेतो. दुसरी वस्तू खलबत्ता. वरच्या पहिल्या दाढेचा तो टाळूकडील मोठा उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या मधल्या खोलगटात नेमका उतरतो. हा बत्ता आणि तो खल. गालाकडील उंचवटे मात्र खालच्या दाढेच्या बाहेरून उतरतात व गालाला दूर ठेवतात. घाईने जेवताना गाल चावला जातो तेव्हा ही पहाऱ्याची व्यवस्था चुकलेली असते.

तिसरी वस्तू जाते. त्यावरूनच मी या भाषणाला नाव दिले आहे. परंतु एक फरक आहे. आपल्या जात्याची खालची तळी स्थिर आणि वरची फिरते. तोंडात उलट : वरचा जबडा कवटीला पक्का जडलेला, आणि खालचा फिरतो. तो केवळ वरखाली होत नाही, बाजूला जाऊन तिरपा परत येतो. गाईला रवंथ करताना पाहावे. आपलेही थोडेफार तसेच चालते. आणि दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. जाते गुळगुळीत झाले की पूर्वी गावोगाव टाकी लावणारे येत आणि त्याला पुन्हा खडबडीत करून देत. दाढेला टाकी लावणारा कोणी नाही. तिच्यावरचे पांढरे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने शेकडा 96 भाग खनिजच. पण दात उगवला की ते कवच घडविणाऱ्या पेशी नाहीशा होतात. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. इनॅमलचा तुकडा गेला तो गेला.

पीठ मळायला पाणी लागते, त्याचीही सोय दाढांच्या शेजारीच आहे. गालाच्या आतून, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, एक बारीक उंचवटा जिभेला लागतो. कानाजवळच्या मोठ्या लालाग्रंथीची नळी तेथे उघडते. सतराव्या शतकातील डॅनिश शरीरशास्त्रज्ञ स्टेन्सेन याचे नाव तिला आहे. चिंचेचे नाव काढताच गालात कळ येऊन पाणी सुटते ते बरेचसे येथून. सर्व लालाग्रंथी मिळून दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. भाकरीचा घास सावकाश चावला तर तो गोड लागू लागतो, कारण दाढांनी बारीक केलेल्या पिष्टाची लाळेमुळे साखर होऊ लागते. मात्र याच लाळेतील क्षार दातांवर साचून कीटण बनते, आणि म्हणून वरच्या दाढांच्या गालाकडील अंगाला कीटण विशेष धरते. ब्रश तेथे सहजी पोहोचत नाही. तोंड फार मोठे उघडले की गाल ताणून दाढेला चिकटतो. म्हणून तेथे घासताना तोंड अर्धेच मिटलेले ठेवावे. ही युक्ती मला एका दंतवैद्यांनी साठाव्या वर्षी शिकविली. तोपर्यंत मी सिंहासारखा जबडा पसरून घासत होतो.

आता माझ्या चुकीची हकिगत.

1993 साली माझी थोरली कन्या नऊ वर्षांची होती. तिची वरची डाव्या बाजूची सर्वांत मागची दाढ दुखू लागली. दाढेत काळे भोक दिसत होते. आमच्या घरातून सूचना झाली की हिला तालुक्याला दाखवून आणावे. मी म्हणालो, “दुधाची दाढ आहे, आज ना उद्या पडणारच. तिच्यासाठी एस.टी.चे भाडे आणि डॉक्टरांची फी कशाला?” मी शिक्षक, घरात माझा शब्द अखेरचा. चार महिने लवंगेच्या तेलाचा बोळा चालला. पोर समंजस, ती उजव्या बाजूने जेवू लागली आणि तक्रार करीनाशी झाली. मला वाटले, बरे वाटते आहे. मग एका रात्री गाल सुजला व ताप भरला. सकाळी तालुक्याला नेले. दाढ मुळापर्यंत पोखरली होती, ती काढावी लागली. मी डॉक्टरांना सहज विचारले, “नवी केव्हा येईल?” ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, “गुरुजी, ही नवीच होती. हिच्यामागून दुसरी नाही.”

मुलगी तोंडात कापूस धरून शेजारीच बसली होती. तिने सर्व ऐकले.

माझे काय चुकले होते? दुधाचे दात 20 असतात व ते पडून त्या जागी नवे येतात, हे मी फळ्यावर लिहीत आलो होतो, आणि ते खरेही आहे. दुधाच्या दाढा असतात, त्याही खऱ्या. परंतु त्यांच्या जागी उपदाढा येतात. आपण आज ज्या दाढांविषयी बोलत आहोत त्या कोणाच्याही जागी येत नाहीत. पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, मोकळ्या हिरडीतून उगवते. कोणताही दात हलत नाही, पडत नाही, रक्त येत नाही; छपरावर दात फेकण्याचा समारंभ होत नाही. पुढचा दुधाचा दात हलला की सगळे घर गोळा होते, आणि त्याच वर्षी मागे जन्माची दाढ येऊन बसते तिची कोणाला वार्ताही नसते. ती घडू लागलेली असते मूल जन्मते त्या सुमारास; तिचा माथा तिसऱ्या वर्षापर्यंत हाडात तयार होतो; मुळे मात्र नवव्या-दहाव्या वर्षी पुरी होतात. म्हणजे माझ्या मुलीच्या त्या दाढेचे बांधकाम नुकतेच संपत आले होते, आणि मी ती गमावली. दुसरी दाढ बाराव्या वर्षी येते, तिसरी सतरापासून पुढे केव्हा तरी.

नव्या दाढेच्या चिरा खोल असतात. काहींची रुंदी ब्रशच्या एका केसाहूनही कमी. साखरेचा अंश त्यात बसतो, त्यावर जंतू आम्ल तयार करतात, आणि वर सुईच्या टोकाएवढे भोक दिसत असता आत घागर पोखरलेली असते. ही व्याधी आजची नाही. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने भोके पाडलेली सापडली. 2006 साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. तेव्हाचे लोक दुखरी दाढ घेऊन गारगोटीपुढे तोंड उघडून बसले असतील, आणि मी एस.टी.च्या भाड्याचा हिशेब करीत होतो.

एक दाढ गेली तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. 1899 साली एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने दातांच्या ठेवणीचे वर्गीकरण केले, तेव्हा त्याने पहिली दाढ हीच खूण धरली. वरच्या पहिल्या दाढेचा गालाकडील पुढचा उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या बाहेरील खाचेसमोर आला, की बाकीची पंगत नीट बसण्याचा संभव. माझ्या मुलीची मागची दाढ बाराव्या वर्षी आली ती पुढे सरकली, पण वळून बसली. बरीचशी खिंड भरली, तरी दोन दातांत फट राहिली. तिच्यात आजही सुपारीचे खांड नि मेथीची काडी अडकते. समोरची खालची दाढ, वर आधार न उरल्यामुळे, थोडी वर चढली. ती अजून उजव्या बाजूनेच जेवते. चाळिशी ओलांडली तरी माझ्यासमोर जेवायला बसली की माझे लक्ष तिच्या गालाकडे जाते.

वरच्या दाढांविषयी आपल्या लोकांत एक समज फार दृढ आहे. ‘वरची दाढ काढली की डोळ्याची ज्योत जाते.’ माझ्या मातोश्री या भीतीने दोन वर्षे किडलेली दाढ घेऊन बसल्या होत्या; दुखली की मिसरी दाबून ठेवायच्या. हा समज कोठून आला असावा? चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारा पाचवा मज्जातंतू तीन शाखांचा आहे : पहिली शाखा कपाळ व डोळ्याच्या भागाची, दुसरी वरच्या दातांची, तिसरी खालच्या दातांची. मूळ एकच असल्याने वरची दाढ ठणकली की कळ डोळ्यामागे व कानशिलात जाणवते. पण पाहण्याचे काम त्या मज्जातंतूचे नाहीच. ते दुसऱ्या मज्जातंतूचे. तो वेगळा, त्याची वाट वेगळी. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. उलट, दाढेच्या मुळाशी पू धरून ठेवला तर क्वचित ती सूज वर डोळ्याच्या खोबणीपर्यंत चढते. आईंना हे समजावून सांगण्याचे धैर्य तेव्हा माझ्यात नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर ज्ञानही नव्हते. मिसरीने हिरड्यांचे जे व्हायचे ते झालेच. मिसरीने कर्करोग होतो, हे येथे बसलेल्या वडील भगिनींनी माझ्यावर राग न धरता ऐकून घ्यावे.

मघाशी वरच्या हाडातील एका पोकळीचा उल्लेख केला. नाकाच्या दोन्ही बाजूंस, गालाच्या हाडात, हवेने भरलेली एकेक पोकळी असते. इंग्लंडातील हायमोर या वैद्याने 1651 साली तिचे वर्णन केले. वरच्या दाढांची मुळे तिच्या तळाशी अगदी खेटून असतात, काहींत मध्ये कागदाएवढेच हाड. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. दाढ काढताना क्वचित तेथे छिद्र पडते, आणि प्यालेले पाणी नाकातून येते. तसे झाल्यास न घाबरता, नाक न शिंकरता तात्काळ डॉक्टरांकडे जावे. दुसरे, सर्दी त्या पोकळीत उतरली की वरच्या सगळ्याच दाढा दुखतात. मला चार वर्षांपूर्वी असे झाले. वाकून चपला घालताना व जिना उतरताना ठणका वाढे. मी दाढ काढून घेण्याच्या तयारीने गेलो होतो. डॉक्टरांनी एकेक दाढ ठोकून पाहिली, छायाचित्र घेतले आणि नाकाच्या डॉक्टरांकडे पाठविले. दहा दिवसांत दुखणे गेले. दाढ जागेवर आहे. एक दाढ दुखत असेल तर दाढेचा दोष, आणि वाकताच सगळ्या दुखत असतील तर नाकाचा असू शकतो. निर्णय मात्र डॉक्टरांचा.

किडलेली दाढ आता बहुधा काढावी लागत नाही; आतील मुळांच्या नळ्या साफ करून भरता येतात. वरच्या पहिल्या दाढेची मुळे तीन असली तरी गालाकडील पुढच्या मुळात पुष्कळदा दोन नळ्या असतात, आणि ती चौथी नळी सापडली नाही तर दुखणे मागे राहू शकते. आपले डॉक्टर दुसऱ्या खेपेस बोलावतात, वेळ लावतात, म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी ही चौथी नळी स्मरावी.

माझी नात आता सात वर्षांची आहे. ती साडेपाच वर्षांची झाली तेव्हापासून दर रविवारी तिची आई टॉर्च घेऊन तिच्या तोंडात पाहू लागली. मी तिला तसे सांगितले नव्हते. सहाव्या वर्षी खालच्या आणि मागोमाग वरच्या दाढा पुऱ्या वर आल्या, तेव्हा दंतवैद्यांनी त्यांच्या चिरांवर एक पातळ लेप बसवून त्या बुजवून टाकल्या. टोचणे नाही, कोरणे नाही. पंधरा-वीस मिनिटांचे काम. लेप कालांतराने झिजतो, म्हणून मधूनमधून दाखवावे लागते. घरी सकाळी व रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने, वाटाण्याएवढी घेऊन, मोठ्यांनीच तिच्या मागच्या दाढा घासायच्या. मुलांचा हात तेथे पोहोचत नाही आणि त्यांची चिकाटीही तेवढी नसते.

दुपारी तीन वाजता तपासणी सुरू होईल. सहा ते आठ व बारा ते चौदा या वयाची मुले ज्यांच्या घरी आहेत त्यांनी प्रथम रांगेत यावे. डॉक्टरांना नेमके विचारावे : मागच्या दाढा आल्या काय, चिरा खोल आहेत काय, आणि लेप लावावा काय. भोजनात जिलेबी आहे असे समजते. ती खाऊन मुलांनी खळखळून चूळ भरावी, म्हणजे डॉक्टरांना दाढेऐवजी जिलेबी तपासावी लागणार नाही. शाडूची दाढ मी प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवीत आहे. ती हाताळून पाहावी, पण तिपाईचे पाय नाजूक आहेत, तेवढे सांभाळावे.